हरकत असल्यास सात दिवसांत

"पाव्हणं, आठ दिस तुमच्याकडं ऱ्हायलो तर चालंल का?"

मी पान तीनची जुळणी करत होतो. मान वर केली तर कचेरीच्या दारात माझे सासरे, शामराव डुबल. एका हातात एस.टी.च्या ड्रायव्हर लोकांची असते तसली पत्र्याची पेटी आणि दुसऱ्या हातात घडी घातलेला आमचाच पेपर. माझ्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्या सहा वर्षांत मामा एकदाही आमच्याकडे राहिले नव्हते. लेकीच्या घरी चहा घेतलाच तर उभ्यानं घ्यायचा आणि पुढची गाडी पकडायची, अशी त्यांची रीत. तो माणूस पेटी घेऊन थेट कचेरीत आला म्हणजे काहीतरी जबरदस्त बिनसलं होतं.

"मामी कुठायत?" मी विचारलं.

"घरी. पेटी तिनंच भरून दिली."

"भांडण झालं?"

"भांडान झालं असतं तर बरं झालं असतं. भांडनाचं काय, दुपारपतोर मिटतं." त्यांनी पेपर उघडून माझ्यासमोर ठेवला आणि एका मथळ्यावर बोट टेकवलं. "ह्ये तुमी लिवलंय न्हवं?"

मथळा होता, 'पुरुषग्रंथीत विषाणूंचा मुक्काम?' आणि खाली ठळक अक्षरांत माझं नाव. आदल्याच दिवशीची रविवार पुरवणी होती ती. मला वाटलं, सासऱ्यांना जावयाचं कौतुक करायचंय. मी लाजून हो म्हणालो.

"झ्याक लिवलंय," मामा म्हणाले. "माजा संसार बसवला."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. ही गोष्ट दोन हजार सात सालची. मी जिल्ह्याच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. पेपरचं नाव सांगत नाही, कारण तो अजून निघतो आणि दिवाळी अंक मला अजून फुकट येतो. उपसंपादक म्हणजे पुरवणीतला बाजारभाव सोडून बाकी सगळं लिहिणारा. पाककृती मी लिहायचो, राशिभविष्य मी लिहायचो आणि आरोग्याचं पानही मीच भरायचो. त्या आठवड्यात परदेशातल्या एका संशोधनाची बातमी हाताला लागली, तिच्यावरून सहाशे शब्द केले. म्हाताऱ्या पुरुषांच्या पुरःस्थ ग्रंथीत, म्हणजे लघवीच्या पिशवीखाली जी सुपारीएवढी गाठ असते तिच्यात, काही विषाणूंच्या खुणा सापडतात. हे विषाणू तिथे वर्षानुवर्षं गुपचूप राहत असावेत. त्यामुळे ग्रंथीला बारीक सूज राहते, पेशी पुन्हा पुन्हा दुखावतात आणि पुन्हा पुन्हा दुरुस्त होतात, आणि पेशींना आवर घालणारी जी यंत्रणा असते तिलाच काही विषाणू झोपवतात. अशातून कधीतरी कॅन्सरची सुरुवात होत असेल का, हे शास्त्रज्ञ तपासत आहेत. यातले काही विषाणू शरीरसंबंधातून पसरतात.

इथे लेख संपला होता. म्हणजे छापलेला लेख इथे संपला होता. मी लिहिलेल्यात आणखी दोन परिच्छेद होते.

पेपरात मजकूर खालून कापतात. महत्त्वाचं वर लिहायचं आणि बिनमहत्त्वाचं खाली, असं आम्हाला पहिल्या दिवशीच शिकवतात, म्हणजे जागा कमी पडली की डोळे मिटून शेपूट तोडता येतं. शास्त्रज्ञांचं नेमकं उलटं. ते आधी सगळं सांगतात आणि 'पण' शेवटी ठेवतात. माझ्या शेवटच्या दोन परिच्छेदांत तो 'पण' होता. हा संबंध सिद्ध झालेला नाही, असे विषाणू बहुतेक बाप्यांच्या आणि बायकांच्या अंगात कधी ना कधी येऊन जातात, आणि या रोगाचं मुख्य कारण वाढतं वय हेच आहे. शनिवारी संध्याकाळी एका नेत्याच्या वाढदिवसाची जाहिरात आली. बेचाळीस शुभेच्छुकांचे बेचाळीस फोटो. एकही शुभेच्छुक कापण्यासारखा नव्हता, म्हणून मी 'पण' कापला. माझा लेख, मीच कापला.

आता मामांचं. मामांना लघवीचा त्रास सुरू झाला होता. डॉक्टरांनी रक्त तपासलं. त्यात या ग्रंथीचा एक आकडा असतो, तो चारच्या आत असावा लागतो, मामांचा अठरा आला. मामांना वाटलं अठरा मार्क पडले म्हणजे काठावर का होईना पास झालो. डॉक्टरांनी सांगितलं, हा मंगळवार सोडून पुढच्या मंगळवारी या, ग्रंथीचा तुकडा काढून तपासू, आणि आता चालढकल करू नका. हे सगळं शनिवारी झालं आणि रविवारी माझा लेख आला.

"तिनं समदा वाचला," मामा म्हणाले. "दोनदा. मग मला इचारलं, 'कुठल्या गावाला?' मी म्हनलं, कुठल्या गावाला काय? तर म्हनती, 'वस्तीच्या गाडीवर हुता न्हवं एकोनीस वर्सं. कुठल्या गावाला हुती?'"

संध्याकाळची शेवटची गाडी लांबच्या गावाला जाते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे परत फिरते. ती वस्तीची गाडी. मामांच्या एकतीस वर्षांच्या एस.टी. ड्रायव्हरच्या नोकरीतली एकोणीस वर्षं अशी परगावात झोपण्यात गेली होती.

"त्यात तुमी मथळ्यात मुक्काम घातलाय," मामा म्हणाले. "दुसरा शब्द मिळंना व्हय?"

"मामा, तुम्ही सरळ सांगायचं ना, असं काही नव्हतं म्हणून."

"सांगितलं की. पंचवीस वर्सं विनाअपघात सेवा केलीया. बिल्ला हाय माज्याकडं."

"तो गाडीचा आहे, मामा."

"मग ड्रायव्हर काय येगळा हुता?" ते खुर्चीत बसले. एवढा धिप्पाड माणूस, पण खुर्चीच्या कडेवर बसला होता. "आता ऐका. मी मंगळवारी जानार न्हाय. तुकडा चांगला निघाला तर ठीक. वंगाळ निघाला तर? पंचनामाच की त्यो. समदं गाव म्हनंल, शाम्या बदफैली हुता, डाक्टरच्या मशिनीत सापडला. मरनाला मी भीत न्हाय. पर असं नाव खराब करून मरायचं न्हाय मला."

मी हसत होतो. मग माझ्या लक्षात आलं की ते खरंच जाणार नाहीत. अठरा आकडा घेऊन हा माणूस माझ्या घरी आठ दिवस बसेल, मंगळवार टाळेल, आणि त्याच्या अंगात जे काही असेल ते वाढत राहील, कारण मला बेचाळीस फोटोंना जागा हवी होती.

घरी रंजनानं, माझ्या बायकोनं, वडिलांची पेटी पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग रडली, आणि मग म्हणाली, "तुम्हीच कापलंत? तुमच्याच हातानं?"

"जागा नव्हती."

"मग पाककृती कापायची. दुधी भोपळ्याचे रोल कोण करणार होतं?"

बुधवारी आम्ही दोघं सासुरवाडीला, वाघोशीला गेलो. मामांना बरोबर घेतलं नाही.

जावयानं सासूशी बोलायचं म्हणजे आमच्याकडे एक सोपस्कार असतो. मी बाहेरच्या खोलीत कॉटवर. मामी आतल्या दाराआड, डोक्यावर पदर, मला फक्त त्यांच्या हिरव्या बांगड्या दिसायच्या. मध्ये उंबऱ्यावर रंजना. सहा वर्षांत मामी माझ्याशी थेट बोलल्या असतील ते 'घ्या', 'वाढू का' आणि 'या परत' एवढंच. अशा बाईला मला शरीरसंबंधातून पसरणाऱ्या विषाणूंबद्दल समजावायचं होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलायला सुरुवात केली.

"आईंना सांग, त्या लेखाचा शेवट छापायचा राहिला."

"आई, शेवट राहिला म्हणतात."

"काय हुतं शेवटाला?" दाराआडून.

"हे अजून सिद्ध झालेलं नाही, असं होतं. कुणाला कशामुळे झालं हे असं सांगता येत नाही. मामांचा काही दोष नाही."

बांगड्या किणकिणल्या. मग मामी म्हणाल्या, "रंजे, पाव्हन्यांनी रविवारच्या राशीत लिवलं हुतं, वृश्चिकेला घरात वादाचा प्रसंग. तुज्या आप्पाची रास वृश्चिक. त्ये खरं झालं का न्हाय?"

"झालं," रंजना म्हणाली आणि माझ्याकडे बघायचं तिनं टाळलं.

"त्याच पेपरात, त्याच दिशी आलेलं ह्ये मग खोटं कसं?"

वृश्चिकेचा वाद मी शनिवारी चहा पिता पिता काढला होता. कुठल्याही राशीला दर आठवड्याला एक वाद द्यावा लागतो.

"मी स्वतः सांगतोय ना," मी कॅलेंडरला म्हणालो. "मीच लिहिलंय ते."

"तोंडी काय, कुनीबी कायबी सांगंल," दार म्हणालं. "आन् पाव्हनं काय, सासऱ्याची बाजू घेनारच. छापून आना म्हनावं."

दुसऱ्या दिवशी मी संपादकांकडे गेलो. निळकंठराव पेपर निघाल्यापासून त्या खुर्चीत होते. मी म्हणालो, दोन परिच्छेद राहिलेत, छोटा खुलासा टाकू या.

"खुलासा?" त्यांनी चष्मा काढला. "आपल्या पेपरात खुलासा येत नाही. खुलासा म्हणजे आपण चुकतो असं लोकांना सांगणं. चौऱ्याऐंशी साली आपण एका धडधाकट माणसाला श्रद्धांजली वाहिली होती. तो स्वतः इथे येऊन बसला. तरी खुलासा दिला नाही. थांबलो."

"मग?"

"मग वारले ते. सहा वर्षांनी. बातमी बरोबर ठरली."

मी जिना उतरून खाली आलो. खाली जाहिरात विभाग. काउंटरवर एक वकील 'जाहीर नोटीस' द्यायला उभा होता, माझाच वर्गमित्र, पोपट गुरव. जमिनीचा व्यवहार असला की देतात ती नोटीस. तेव्हा मला एकदम आठवलं की वाघोशीच्या घरात पेपरातलं सगळ्यात भरवशानं काय वाचतात. राशीनंतर मामी जाहीर नोटिसा वाचायच्या. कुणाचा गट नंबर, कुणाचा हिस्सा, कुणी विकला. त्यांच्या मते बातमी एक वेळ खोटी निघेल, नोटीस नाही, कारण ती वकिलाची असते. आणि जाहिरातीला संपादकांची परवानगी लागत नाही.

पोपटनं माझं ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि उभ्याउभ्या मजकूर लिहिला. शुक्रवारी पान पाचवर तो आला.

'जाहीर नोटीस. तमाम लोकांस या नोटिशीने कळविण्यात येते की, गेल्या रविवारच्या पुरवणीत प्रसिद्ध झालेल्या पुरुषग्रंथीत विषाणूंचा मुक्काम या लेखाचे शेवटचे दोन परिच्छेद जागेअभावी गाळले गेले आहेत. सदर परिच्छेदांत, विषाणू व पुरुषग्रंथीचा कर्करोग यांचा संबंध अद्याप सिद्ध झालेला नाही, सदरचे विषाणू बहुतांश प्रौढ व्यक्तींच्या शरीरात कधी ना कधी येऊन जातात, व वाढते वय हेच सदर रोगाचे प्रमुख कारण आहे, असे नमूद होते. सबब सदर लेखाच्या आधारे कोणीही कोणाचेही चारित्र्याबाबत, वर्तणुकीबाबत अथवा पूर्वीच्या मुक्कामांबाबत अनुमान काढू नये. काढल्यास ते आमचे अशिलावर बंधनकारक राहणार नाही. याबाबत कोणाची काही हरकत असल्यास सात दिवसांचे आत लेखी कळवावी, अन्यथा कोणाचीही हरकत नाही असे समजण्यात येईल.'

"ते हरकतीचं कशाला?" मी पोपटला फोनवर विचारलं.

"त्याशिवाय नोटीस नोटीस वाटत नाही," तो म्हणाला.

मामांनी नोटीस चार वेळा वाचली. 'आमचे अशिलावर' या शब्दांपाशी ते दर वेळी थांबायचे. "म्हंजे मी?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, एका अर्थी. ते खूश झाले. पेटी भरली, दाढी केली, आणि रविवारी आम्ही तिघं वाघोशीला गेलो. मंगळवारला दोन दिवस राहिले होते.

मामा विजयी वीरासारखे ओसरी चढले. मामी नेहमीप्रमाणे दाराआड. मी कॉटवर. रंजना उंबऱ्यावर.

"आई, नोटीस वाचलीस?"

"वाचली."

"मग? आता तरी पटलं?"

"माजी हरकत हाय," मामी म्हणाल्या. "लेखी हाय."

हिरव्या बांगड्यांचा हात दाराबाहेर आला. हातात वहीचा चौघडी केलेला कागद. रंजनानं तो घेतला आणि मला दिला. मला हसू आवरत नव्हतं. मी कागद उघडला, आणि वाचता वाचता माझं हसू गेलं. मी तो परत मिटला.

"काय लिवलंय?" मामांनी विचारलं.

मी कागद खिशात घालू लागलो.

"सोडचिठ्ठी हाय का?" मामांचा आवाज बदलला. त्यांनी कागद माझ्या हातातून ओढून घेतला आणि गावांच्या पाट्या वाचत असावेत तसे एकेक शब्द मोठ्यानं वाचू लागले.

"हरकत अर्ज. अर्जदार, सुशीला शामराव डुबल. कारणे अर्ज करते की, सन अठ्ठ्याण्णव साली माझी पिशवी काढली. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, की पिशवीच्या तोंडाला विषाणूमुळे खराबी झाली आहे, राहू दिली तर कॅन्सर होईल. लेखात सांगितलेला विषाणू तो हाच का. असल्यास तो माझ्याकडून यांना गेला का. बाईकडून पुरुषाला जातो का, याबद्दल नोटिशीत काही लिहिलेले नाही. तरी खरे काय ते छापून द्यावे. मला कोणी काही बोलणार नाही. पण मला समजले पाहिजे."

शेवटचं वाक्य वाचताना मामांचा वेग फार कमी झाला होता.

रंजना आत गेली. आतून रडण्याचा आवाज आला, पण तो रंजनाचा होता. मामी बाहेर आल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा पूर्ण चेहरा पाहिला. त्यांनी पदर घ्यायचंसुद्धा सोडलं होतं.

"म्हंजे तू मला गाव इचारत हुतीस..." मामा म्हणाले.

"व्हय. म्हनलं एखाद्या गावाला असंल कुनी. बाप्या मानूस, एकोनीस वर्सं भाईर. राग आला असता मला, चार दिस बोलले नसते. पर मग ह्ये माज्याकडनं न्हाय, त्या बाईकडनं आलं असं तरी झालं असतं. तुमी एकदा हो म्हनला असता तर सुटले असते मी. तर तुमी आपला बिल्ला दावताय. पेटी भरून दिली ती त्येच्यासाठीच, रागानं तरी हो म्हनाल म्हनून."

आम्ही सगळे आठवडाभर काय समजत होतो आणि ती बाई काय विचारत होती. मला माझीच लाज वाटली. लेख लिहिताना हा विषाणू बायकांच्या त्या आजाराला कारण असतो हे मला माहीत होतं. तेही मी लिहिलं होतं, आणि तेही त्या कापलेल्या भागातच होतं.

मामांनी हातातल्या कागदाची घडी घातली. मग मला म्हणाले, "पाव्हणं, तुकडा काढला म्हंजे कुनाकडनं आला ते कळतं का?"

"नाही, मामा."

"डाक्टरला म्हाईत असंल?"

"विचारू या."

"मंगळवारी जाऊ मग." आणि मामींकडे न बघता, "तूबी चल."

मंगळवारी मी त्या दोघांबरोबर गेलो. तुकडा काढायची रीत कशी असते ते इथे सांगत नाही. मामांनी ते पुढे आयुष्यभर कुणालाही सांगितलं नाही. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "बसायला लावू नका." मामींनी मात्र डॉक्टरांना गाठलं. जावयासमोर, परक्या पुरुषाला, त्या बाईनं वहीतला तो प्रश्न जसाच्या तसा विचारला.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं खुर्ची ओढून त्यांना बसवलं. "आजी, हा विषाणू निम्म्याहून जास्त लोकांच्या अंगात येऊन जातो. कधी आला, कुणाकडून आला, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. तुम्हाला त्यांच्याकडून आला असेल, त्यांना तुमच्याकडून आला असेल, दोघांतून केव्हाच निघूनही गेला असेल. आणि त्यांचं हे दुखणं त्यामुळेच आहे असं तर मुळीच म्हणता येत नाही. सत्तरी जवळ आलीय त्यांची. मनातून काढून टाका."

मामींनी मान हलवली. मला वाटलं, सुटलो.

परतताना मी जीप ठरवतो म्हणालो तर मामांनी ऐकलं नाही. एस.टी.चा पास असताना जीप कशाला. आठवडी बाजाराचा दिवस, गाडी वाघोशीच्या माणसांनी भरलेली. दूध सोसायटीचे चेअरमन पुढच्या बाकावर, मागे बाजार करून निघालेल्या बायका. मामींना खिडकीपाशी जागा मिळाली, मी शेजारी. बसायची सोयच नसल्यामुळे मामा दांडीला धरून उभे. एकतीस वर्षं ज्यानं गाडीत बसून काढली तो माणूस खड्डा आला की डोळे मिटत होता.

अर्धा रस्ता झाला. मामी खिडकीबाहेर बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "माजं वाईट वाटू ने म्हनून सांगितलं न्हाय त्येनं. सांगता येत न्हाय म्हनला, म्हंजी हाय. माज्याकडनंच आलं."

मी डॉक्टरांचंच पुन्हा सांगायला लागलो. त्यांनी ऐकलं नाही. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

वरून मामांचा आवाज आला.

"हुती एक."

इंजिनाच्या वर आवाज काढायची सवय झालेला गळा. चेअरमननी मागे वळून पाहिलं.

"काय?" मामी म्हणाल्या.

"हुती म्हनलं एक. वस्तीच्या गावाला."

"हळू बोला. मानसं हायती."

"असू द्यात मानसं. एकोनीस वर्सं वस्तीच्या गाडीवर हुतो. हुती एक बाई. तिच्याकडनं मला आलं, माज्याकडनं तुला आलं. तुजी पिशवी माज्यापायी गेली. आता झालं तुज्या मनासारकं?"

मागच्या बायकांपैकी एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. ड्रायव्हर मामांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं आरशातून पाहिलं आणि गाडीचा वेग कमी केला, एकही शब्द चुकू नये म्हणून.

मामी वळून त्यांच्याकडे बघत होत्या. "नाव काय तिचं?"

मामांनी दांडीवरचा हात बदलला.

"नाव इचारलं मी."

"नाव..." मामांनी टपाकडे पाहिलं. "नाव ध्यानात न्हाय."

"गाव?"

"लई गावं झाली. कसं ध्यानात ऱ्हाईल?"

"बरं, दिसायला कशी हुती?"

हा प्रश्न अवघड होता. मामांनी खूप विचार केला. दोन खड्डे गेले. मग म्हणाले, "बुटकी. काळीसावळी. हनुवटीवर गोंदलेलं. तोंडानं फटकळ, पर मनानं बरी."

मामींचा हात आपोआप हनुवटीकडे गेला. तिथे गोंदणाचे तीन हिरवे ठिपके होते.

"फटकळ कुनाला म्हनता?" त्या म्हणाल्या.

मागच्या बायका आधी हसल्या. मग चेअरमन हसले, ड्रायव्हर हसला. मामी तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. मामा मात्र हसले नाहीत. ते दांडी घट्ट धरून उभे होते आणि कुणी विचारलं तर पुन्हा सांगायला तयार दिसत होते.

रिपोर्ट आठवड्यानं आला. कॅन्सर निघाला, पण लवकर सापडला होता, ग्रंथीच्या बाहेर गेला नव्हता. ऑपरेशन झालं आणि मामा त्यानंतर अकरा वर्षं जगले. गेले ते हृदयविकारानं.

त्या अकरा वर्षांत वाघोशीत मात्र त्यांचं नाव जे खराब झालं ते झालंच. अर्धं गाव त्या गाडीत होतं, आणि उरलेल्या अर्ध्यापर्यंत 'हुती एक' एवढंच पोचलं, हनुवटीचं गोंदण पोचलंच नाही. पारावर, डेअरीवर, कुणीही त्यांना विचारायचं, "काय शामराव, कुठल्या गावाला हुती म्हनं?" मी एकदा म्हणालो, मामा, खरं काय ते सांगून टाका लोकांना, हवं तर मी छापतो.

"काय नगं," मामा म्हणाले. "तिला आता झोप लागती."